मुलगा चौथीत आहे, राज्यं-राजधान्या लक्षातच राहत नाहीत. चांगला नकाशा घ्यावा की मोबाईलवरचं ॲप?

ताई, नकाशा घ्या. भिंतीवर लावायचा, मोठा, नद्या-डोंगर दाखवणारा. लडाख वेगळं दाखवलंय का तेवढं बघून घ्या, २०१९ च्या आधीचे तक्ते दुकानदार अजून खपवतात. ॲपच्या भानगडीत पडू नका.

खरं तर इथंच थांबायला हवं, पण 'लक्षातच राहत नाहीत' वाचलं आणि आमचे मेहुणे आठवले.

मेहुणे पुण्याचे. सुट्टीत सोलापूरला आले की चहा टाकायच्या आत पोराला उभं करतात. मिझोराम? ऐझॉल. नागालँड? कोहिमा. मग आमच्या पोरीकडे वळून, "तू सांग गं, मेघालय?" ती गप्प. "इथल्या शाळांचं अवघडच आहे," हे ठरलेलं वाक्य. एकदा मीच त्या पोराला विचारलं, "कुठल्या गाडीनं आलास रे?" म्हणाला, "हुतात्मा." "कोण हुतात्मा?" पोरगं बापाकडे बघतंय, बाप मोबाईलमध्ये. इतकी वर्षं त्याच गाडीनं येणं-जाणं!

आमची पोरगी म्हणाली, चौघं होते. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. नुसती नावं ओळीनं वाचा, हे गाव कुणाकुणाचं आहे ते कळतं. मेहुणे काय म्हणाले? "हे परीक्षेला येत नाही."

नसेल येत. आम्ही पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर, राहायला पूर्व भागात. माझी आई नातीवर तेलुगूत ओरडते, समोरच्या आज्जी कन्नडमध्ये लाड करतात, शाळा मराठी. पणजोबा करीमनगरकडून मागावर काम करायला आले. पोरीनं विचारलं, मग आपण तेलंगणाचे का? म्हटलं, तेव्हा तिथं निजाम होता, तेलंगण राज्य २०१४ चं. त्या रात्री नकाशा खाली काढून फरशीवर पसरला. बोट सोलापूरवर ठेवून हैदराबादकडे निघालो तर खालच्या बाजूला, दक्षिणेला भीमा दिसली. पंढरपूरची चंद्रभागा ती हीच, हे तिला पटेना. भीमाशंकरला सह्याद्रीत उगम, अरबी समुद्र तिथून जवळ, तरी पाणी पाठ फिरवून पूर्वेला निघतं, कर्नाटकात रायचूरकडे कृष्णेत मिसळतं आणि पार बंगालच्या उपसागरात जातं. का? तर जमिनीचा उतार तिकडे. दख्खनच्या पठाराचा धडा आला की बाई हेच सांगणार आहेत. पोरीला ते आधीच ठाऊक, कारण वारीला जाणारी आत्या त्याच पाण्यात उतरते.

तर तुम्हीही घरातल्या माणसांपासून सुरुवात करा. आजोळ कुठलं, शेजारचे कुठून आले, भाजीवाली घरी काय बोलते. मग स्टेशनवर न्या. आमच्याकडे कोणार्क भुवनेश्वरला जाते, उद्यान बंगळुरूला, एक गाडी थेट नागरकोविलला. डब्यावरची पाटी वाचायची आणि घरी येऊन ते गाव नकाशात शोधायचं.

आता, राजधान्या पाठ करूच नयेत असं माझं म्हणणं नाही. स्कॉलरशिपला लागतात, शेवटी घोकाव्याच लागतात, आमचीनंही घोकल्या. आणि सगळ्यांच्या गल्लीत तीन भाषा नसतात, तेही मान्य. फक्त पाहुण्यांसमोर पोराला उभं करू नका.

तुम्ही गाव लिहिलेलं नाही. स्टेशन नसेल तर एसटी स्टँडही चालेल. आमच्या स्टँडवर विजापूर, गुलबर्ग्याच्या गाड्या लागतात, पाटी कन्नड. वाचता येत नसेल तर पोराला सांगा, जा, कंडक्टरला विचारून ये. पोरं आधी लाजतात. लाजू द्या.