नवरा सौदीत, फोन बंद, आणि घरचे म्हणतात थांब

"मावशी, माझे मिस्टर दोन वर्षांपासून सौदीत दम्मामला एसी रिपेअरिंगच्या कामाला आहेत. शिक्षण नववी. शेवटचा फोन आला त्याला 41 दिवस झाले, व्हॉट्सअपवर एकच टिक येते. त्यांच्या रूमवरचा मुलगा म्हणतो ते कंपनी सोडून गेले, कुठं ते माहीत नाही. सासरे म्हणतात पोलिसात गेलीस तर गावात बोभाटा होईल आणि त्याचा व्हिसा पण जाईल. सासूबाई म्हणतात, तो काय धाकला पोऱ्या शे का, हराई जावाले (लहान पोरगा आहे का हरवायला). ज्या एजंटने 1 लाख 20 हजार घेऊन पाठवलं तोच आता म्हणतो अजून 40 हजार द्या, माणूस लावून शोधतो. पुढच्या रविवारी आमच्याकडे कानबाई देवीचा सण आहे. नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतो, ह्यांच्या नावाचे घ्यायची वेळ आली तर सासूबाईंचा हात टोपल्यातच थांबला आणि त्या रडायला लागल्या. मी काय करू?"
— अमळनेर तालुक्यातली एक सून

पोरी, ते 40 हजार द्यायचे नाहीत. एक रुपया पण नाही. सरकारमान्य एजंटला माणसाकडून जास्तीत जास्त 30 हजार आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, ह्याने त्याच्या चौपट घेतले आणि आता हरवलेल्या माणसावर परत दुकान लावलंय. त्याच्याशी भांडत बसू नकोस, फक्त व्हॉट्सअपवर लिहून विचार की कंपनीचं पूर्ण नाव सांगा, कफीलचा म्हणजे तिकडच्या मालकाचा नंबर द्या, व्हिसाची कॉपी पाठवा आणि तुमचा लायसन नंबर काय. फोनवर नाही, लिहून. उत्तर आलं तर माहिती मिळाली आणि नाही आलं तर तेही पोलिसांना दाखवायला कामाचं.

आता सासऱ्यांची भीती. त्यांना वाटतं तक्रार केली की व्हिसा जाईल. पण तो रूमवरचा मुलगा जे बोलला ना, "कंपनी सोडून गेले", ते परत वाच. सौदीत कामगार कामावर आला नाही म्हणून मालकाने कळवलं की त्याच्यावर हुरूब लागतो, म्हणजे पळून गेल्याची नोंद, आणि मग इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, असून नसल्यासारखा. असं झालं असेल तर व्हिसा तुझ्या अर्जाने जाणार नाही, तो आधीच गेलाय, आणि तुझा नवरा एक तर कुठंतरी लपूनछपून काम करतोय किंवा पकडून तरहीलमध्ये ठेवलाय. तरहील म्हणजे परत पाठवायच्या आधी लोकांना ठेवतात ती जागा, तिकडं गेलेल्या कोणालाही विचार, हा शब्द माहीत असतो. तिसरी शक्यता हॉस्पिटल. वाईटातलं वाईट मी इथं लिहीत नाही, ते तू रात्री दोन वाजता शंभरदा मनात आणलं असशील, पण त्याचाही शोध ह्याच कागदांनी लागतो.

आणि "पकडला असता तर एम्बसीने कळवलं असतं" असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. 1963 च्या व्हिएन्ना करारात असं आहे की परदेशी माणसाला अटक केली तर त्याला त्याचा हक्क सांगायचा आणि त्याने मागितलं तर त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवायचं. त्याने मागितलं तर! आता आपला खान्देशी माणूस, वर डोक्यावर कर्ज, तो आतून म्हणेल का की माझ्या घरी कळवा? शरमेने गप्प बसणारे खूप असतात. म्हणून वाट बघायची नाही, आपण इकडून विचारायचं.

कोणाला विचारायचं, तर परराष्ट्र मंत्रालयाचं मदद नावाचं पोर्टल आहे, 2015 पासून चालू. मोबाईल नंबर आणि ईमेल टाकून स्वतःच्या नावाने रजिस्टर कर, तू बायको आहेस, सासऱ्यांची सही लागत नाही. तक्रार टाकली की नंबर मिळतो, तो कॅलेंडरवर लिहून ठेव, मोबाईलमध्ये असलेलं नेमकं हवं तेव्हा सापडत नाही. दम्माम हे रियाधच्या एम्बसीखाली येतं, जेद्दाहच्या कॉन्सुलेटकडे नाही, अर्ज तिकडं गेला तर फुकट दिवस जातात. नेट जमत नसेल तर 1800 11 3090 हा सरकारी टोल फ्री आहे, प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा.

अर्जात नावापेक्षा पासपोर्ट नंबर महत्त्वाचा. हे मी अनुभवावरून सांगते. 1990 च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा माझा मामेभाऊ तिकडं होता. एअर इंडियाने तेव्हा जॉर्डनच्या अम्मानवरून 1 लाख 70 हजारांच्या वर माणसं आणली, आणि धुळ्याला मामी जो कोणी परत आला त्याला गाठून विचारायची की आमचा जिभाऊ दिसला का. आता वाळवंटातल्या छावणीत त्याला जिभाऊ कोण म्हणणार! पासपोर्टवर नाव वेगळंच, आडनावाच्या जागी बापाचं नाव. तो घरी आल्यावर कळलं की मामीने विचारलेला एक माणूस आठ दिवस त्याच्याच तंबूत झोपत होता. तुझ्याकडे पण सगळे त्याला नाना नाहीतर बापू म्हणत असतील, म्हणून नंबर शोध. झेरॉक्स नसेल तर त्याने पाठवलेले जुने फोटो बघ, पैसे पाठवल्याच्या पावत्या बघ, तिथंच कुठंतरी इकामा नंबर पण सापडेल, दहा आकडी, 2 ने सुरू होणारा. नववी शिकलेला म्हणजे पासपोर्ट ईसीआरवाला असणार, म्हणजे बाहेर कामाला जायला सरकारी परवानगी लागणारा, आणि तसा माणूस कामाच्या व्हिसावर सौदीला रीतसर गेला असेल तर ईमायग्रेट ह्या सरकारी पोर्टलवर त्याची आणि मालकाची नोंद असते. नोंदच नसेल तर एजंटने काय उद्योग केलाय ते तुला आणि पोलिसांना दोघांना कळेल.

पोलिसात जाच. ते म्हणतील सौदीचं आम्ही काय करणार, तरी मिसिंगचा लेखी अर्ज दे आणि दुसऱ्या कॉपीवर शिक्का मारून घे. घेतच नसतील तर तोच अर्ज जळगावला पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने. पुढं इंटरपोलची यलो नोटीस काढायची वेळ आली, ती हरवलेल्या माणसासाठी असते, तर ती दिल्लीत सीबीआयमार्फत जाते आणि तिथवर पोचायचा रस्ता आपल्या साध्या पोलीस स्टेशनमधूनच सुरू होतो.

फेसबुकवर दम्मामच्या भारतीयांच्या ग्रुपवर फोटो टाक, पण पासपोर्ट नंबर आणि घरचा मोबाईल नंबर अजिबात नको. नाहीतर दोन दिवसांत फोन येईल की तुमचा माणूस हॉस्पिटलमध्ये आहे, बिल भरा. असा फोन आलाच तर म्हण, त्याला व्हिडिओवर दाखवा.

एक कडू गोष्ट पण बोलते, तुझ्या सासूच्या बोलण्याच्या मागे तीच आहे बहुतेक. तो सापडेल, धडधाकट असेल, आणि बोलायचं नाही म्हणेल, असं पण होतं. कर्ज, शरम, कधी दुसरं काही. मग रडायचं का भांडायचं ते तू तेव्हा ठरव, पण आत्ता त्या शंकेपायी अर्ज थांबवू नको. आधी माणूस जिवंत आहे का ते कळू दे. आणि तो तिकडं नुसता अडकलेला निघाला तर तिकिटासाठी घर विकायची भाषा करू नका, अशा लोकांसाठी एम्बसीकडे वेगळा फंड असतो, अर्जात त्याचाही उल्लेख कर.

गव्हाचं विचारलंस. घे ना त्याच्या नावाची सव्वा मूठ, त्यात विचारायचं काय! सासूबाईंचा हात थांबला तर तू घाल टोपल्यात हात. आणि एक लक्षात ठेव, सौदीत सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवारी ऑफिस चालू असतं. तिकडचे नऊ म्हणजे आपले साडेअकरा. घरात गाणी चालू असतील, भाऊबंद जमलेले असतील, त्या गडबडीत तू तक्रार नंबर घेऊन मागच्या दारी जा आणि रियाधला फोन लाव.