आतली खोली

"ताई, सलाम. यांना १४ महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. 'हां' आणि 'नको' एवढे दोनच शब्द निघतात. चर्चच्या मंडळीत २५ वर्षं यांनीच पेटी वाजवली, आता ती कपाटावर पडून आहे. पाळकसाहेब म्हणतात, देवाची योजना आहे, भरवसा ठेवा. बायबलमधलं यिर्मया २९:११ भिंतीवर लावलंय, रोज वाचते. दर गुरुवारी महिला मंडळाच्या बायका यांच्यासाठी प्रार्थनेला येतात. तेवढा वेळ यांना आतल्या खोलीत बसवते, लाळ गळते म्हणून. एका बहिणीला दर्शन झालं की नाताळपर्यंत हे चालू लागतील. मुलगा पुण्याहून येऊन-जाऊन असतो, त्यालाही पेटी येते. मला मात्र रात्र रात्र झोप नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?"
(एक भगिनी, राहुरी तालुका)

बाई, सलाम. तुमच्या विश्वासाचं नंतर बघू. आधी त्या आतल्या खोलीचं बोला.

ज्याच्यासाठी दहा बायका पदर डोक्यावर घेऊन बसतात, तो माणूस भिंतीपलीकडे एकटा बसून स्वतःचं नाव ऐकतो. वाचा गेली म्हणजे कान गेले नाहीत आणि समजही गेली नाही. दोनच शब्द उरलेत म्हणता. गुरुवारी उठवून आत नेताना त्यांतला कुठला निघतो, ते मात्र तुम्ही लिहिलं नाहीत.

शुभवर्तमानातला कफर्णहूमचा तो पक्षाघाती आठवतो ना? दारात गर्दी होती म्हणून चौघांनी घराचं छप्पर उसकटलं आणि त्याला बाजेसकट खाली सोडलं, भर लोकांत. त्याची लाळ गळत होती की नाही, हे ती गोष्ट सांगणाऱ्या मार्काला लिहावंसंही वाटलं नाही. तुमच्याकडे उलटं चाललंय. छप्पर शाबूत, दारात गर्दी नाही, आणि आजारी तेवढा आत. खोलीत जाऊन दार लावून घे, असं प्रभूनं सांगितलंय खरं, पण ते प्रार्थना करणाऱ्याला. आजाऱ्याला नव्हे.

आता भिंतीवरचं वचन. कॅलेंडरवाले ती एकच ओळ छापतात, त्यांचं मी काय करू! ती ओळ एका पत्रातली आहे. बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, धरून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं यरुशलेमेहून ते पाठवलं. देवाचे हिताचे संकल्प ११व्या वचनात आहेत. पाचव्यात काय आहे ते वाचा. घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, त्यांची फळं खा. त्या परक्या, नकोशा गावातच. आणि दहाव्यात मुदत दिली आहे, ७० वर्षं! त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोक सांगतो की दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. तो खोटा ठरला. तुमच्या नाताळवाल्या बहिणीला तो २८वा अध्याय वाचून दाखवा, माझं नाव सांगून.

तुम्ही देवावर भरवसा ठेवून बसला नाहीत, बाई. तुम्ही आधीचे पेटीमास्तर परत यायची वाट बघताय आणि तोवर या नव्या माणसाला लोकांपासून लपवताय. लाज वाटते, हे मला कळतं. मीही घरातल्या एका म्हातारीचं बरळणं पाहुण्यांपासून लपवलंय, आणि ती गेल्यावर रडले ते त्याच पाहुण्यांच्या खांद्यावर. म्हणून तुमच्यावर चिडायचा मला हक्क आहे असं समजा.

येत्या गुरुवारी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवा. बायका येतील त्याच्या आधी, खिडकीशी, खांद्यावर स्वच्छ टॉवेल टाकून. लाळ गळली की पुसायची, शेजारी बसलेल्या कुणीही. प्रार्थना थोडी आवरती घ्या आणि गाणी वाढवा. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं त्यांना पाठ असतीलच. उजवी बाजू जाऊन वाचा गेलेली असते तेव्हा घाव बहुधा मेंदूच्या डाव्या अंगाला असतो. अशी काही माणसं पाणी मागू शकत नाहीत, पण पाठ असलेलं गाणं शब्दांसकट म्हणतात. सगळ्यांचं तसं होत नाही. झालंच, तर कृपा करून चमत्कार झाला म्हणून लगेच साक्ष द्यायला उभ्या राहू नका. जिल्ह्याच्या गावी वाचा-उपचार करणारं कुणी आहे का ते शोधा. नाहीच झालं, तरी गुरुवारी ते बाहेरच बसतील.

आणि मुलगा या खेपेला आला की त्याला ती पेटी कपाटावरून काढायला लावा. सूर तो धरेल. भाता डाव्या हातानंच मारतात.