पाणी ९८ अंशांवरच उकळले, तर वहीत काय लिहायचे?

सहावी ते आठवीच्या विज्ञानाच्या तासांबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहोत. उत्तरे या इयत्तांना विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांनी मिळून लिहिली आहेत.

मुलगी यंदा सहावीत गेली. पाचवीपर्यंत परिसर अभ्यास होता, आता सामान्य विज्ञान आले, तेही सेमीमुळे इंग्रजीतून. वर्गात नेमके काय बदलेल? घरी तयारी कशी करून घ्यावी?
– एक पालक, सातारा

सगळ्यात मोठा बदल म्हणजे मोजमाप. पाचवीपर्यंत पाणी ‘कोमट’ असले तरी चालत होते, आता ते किती अंश सेल्सिअस हे सांगावे लागते. दुसरा बदल शब्दांचा. घरात रोज वापरतो तेच शब्द विज्ञानात वेगळ्या, नेमक्या अर्थाने येतात आणि मुले अडखळतात ती तिथेच. भाजीवाला ‘वजन दोन किलो’ म्हणतो. पुस्तकाच्या लेखी ते दोन किलोग्रॅम वस्तुमान असते. वजन हे बल आहे, त्यामुळे ते न्यूटनमध्ये मोजायचे; एक किलोग्रॅम वस्तूचे वजन साधारण ९.८ न्यूटन भरते. ‘कार्य’ या शब्दाचेही तसेच. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन बाई तासभर एका जागी उभी राहिली, तर ती दमते हे खरे, पण हंडा जागचा हललेला नाही. म्हणून विज्ञानाच्या भाषेत हंड्यावर झालेले कार्य शून्य.

सेमीच्या मुलांना इंग्रजी वाक्यांपेक्षा या शब्दांचीच अडचण जास्त होते. वहीची शेवटची चार पाने राखून ठेवा आणि त्यांवर तीन रकाने आखा: इंग्रजी शब्द, मराठी शब्द, घरातले उदाहरण. एका पाठाला पाच-सहा शब्द पुरे. तिसरा रकाना मुलीलाच भरू द्या. धडा आधी तिने मराठीत, स्वतःच्या शब्दांत सांगावा आणि मग इंग्रजी उत्तराकडे वळावे. क्रम उलटा झाला की उत्तर पाठ होते, पण प्रश्न जरा फिरवून विचारला की मुलगी गप्प बसते.

शाळेत पाणी उकळण्याचा प्रयोग झाला. तापमापी ९८ वर थांबली, मुलाने तेच लिहिले. बाकीच्या मुलांनी पुस्तकात आहे म्हणून १०० लिहिले. त्याने खोडून १०० करावे का?
– एक पालक, पुणे

मुळीच नाही. पुण्यात ९८ हेच बरोबर आहे. पाणी १०० अंशांना उकळते ते समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी असतो आणि दाब कमी झाला की पाणी लवकर उकळते. ढोबळमानाने दर ३०० मीटरला एक अंश कमी धरा. महाबळेश्वरच्या शाळेत हाच प्रयोग केला तर पारा ९५-९६ च्या आसपासच थांबेल, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर १०० च्या अगदी जवळ जाईल.

तरीही नोंद तपासून घेणे चांगले, कारण या प्रयोगात तीन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे तापमापीचा फुगा भांड्याच्या तळाला टेकतो. तळ ज्योतीमुळे पाण्यापेक्षा जास्त तापलेला असल्याने पारा १०० च्याही वर जातो. २५० मिलीच्या चंचुपात्रात २०० मिली पाणी घ्यावे, तापमापी स्टँडला दोऱ्याने टांगावी आणि फुगा तळापासून दोन सेंटिमीटर वर ठेवावा. दुसरी चूक वरून किंवा खालून तिरपे वाचण्याची. डोळा पाऱ्याच्या किंवा रंगीत द्रवाच्या टोकाच्या समोर हवा. तिसरी चूक ‘उकळी’ ओळखण्याची. पाणी पुरेसे तापण्याआधीच काचेला बारीक बुडबुडे धरतात. ती पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडत असते. मुले तिथेच ‘उकळले’ म्हणून लिहितात. तळापासून मोठे बुडबुडे उठून थेट पृष्ठभागावर फुटू लागले, की ती उकळी.

दर अर्ध्या मिनिटाला एक नोंद घ्यावी आणि उकळी आल्यावरही दोन-तीन मिनिटे नोंदी चालू ठेवाव्यात. ९६, ९७, ९८, ९८, ९८, ९८ असा तक्ता तयार होतो. या प्रयोगातले खरे शिकण्यासारखे त्या सारख्या आकड्यांत आहे: ज्योत चालू आहे, उष्णता जातेच आहे, तरी तापमान वाढत नाही, कारण ती सगळी पाण्याची वाफ होण्यात खर्च होते. ज्याने सरळ १०० लिहून वही मिटली त्याच्या हाती यातले काहीच लागले नाही.

निष्कर्षात मुलाने लिहावे: ‘आमच्या शाळेत पाण्याचा उत्कलनांक ९८ अंश सेल्सिअस आला. पुस्तकातील १०० हा समुद्रसपाटीचा आहे.’ एखादी नोंद खरोखरच चुकली, तर तिच्यावर एक आडवी रेघ मारावी, शेजारी नवी नोंद आणि चुकण्याचे कारण लिहावे. प्रयोगवहीत खोडरबर आणि पांढरी शाई नको.

कांद्याची पेशी सूक्ष्मदर्शीतून पाहिली, पण मला फक्त जाड काळ्या कडेची गोल वर्तुळे दिसली. मैत्रिणीने पुस्तकातले चित्र पाहून आकृती काढली. माझे काय चुकले?
– इयत्ता सातवीतील विद्यार्थिनी, कणकवली

तुला दिसले ते हवेचे बुडबुडे. पाहणे चुकले नाही, काचपट्टी तयार करताना हवा आत राहिली. पुढच्या वेळी असे कर.

कांद्याचे चार भाग कर आणि एक मांसल पापुद्रा घे. त्याच्या आतल्या, खोलगट बाजूला ओल्या प्लॅस्टिकसारखा एक पातळ पडदा असतो. पापुद्रा मधोमध मोडलास की तो पडदा तुटता तुटता लोंबतो. चिमट्याने तो अलगद ओढ आणि लगेच पाण्यात टाक, कारण वाळला की तो गुंडाळतो आणि मग कधीच सपाट बसत नाही. तुकडा पाच मिलिमीटरचाच पुरे. काचपट्टीवर पाण्याचा एक थेंब, त्यात हा तुकडा, वर कोऱ्या चहाच्या रंगाइतके पातळ केलेले आयोडीन एक थेंब. दोन मिनिटे थांब. आता आच्छादक काचेची एकच कड आधी थेंबाला टेकव, काच तिरपी धर आणि सुईच्या आधाराने सावकाश खाली सोड. वरून सपाट ठेवलीस की हवा आत अडकलीच म्हणून समज. कडेने आलेले जादा पाणी टिपकागदाने टिपून घे.

सुरुवात नेहमी कमी शक्तीच्या भिंगाने कर. भिंग खाली आणताना डोळा नेत्रिकेला, म्हणजे वरच्या भिंगाला, न लावता बाजूने बघ, नाहीतर भिंग काचेवर आदळून दोन्ही जायची भीती असते. मग नेत्रिकेतून पाहत भिंग हळूहळू वर घे. विटांच्या भिंतीसारख्या लांबट पेशी दिसतील, प्रत्येकीत पिवळसर तपकिरी केंद्रक. ते बऱ्याचदा कडेला सरकलेले असते, कारण पेशीची मधली जागा मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीने, व्यापलेली असते. एखाद्या पेशीत केंद्रक दिसले नाही तर भिंग बारीक वर-खाली करणारी चकती किंचित फिरव, ते वेगळ्या पातळीवर असेल. तरीही नाहीच दिसले, तर आकृतीत काढू नकोस.

मैत्रिणीच्या आकृतीत हिरवी हरितलवके असतील, तर ती तिने पुस्तकातल्या ‘वनस्पती पेशी’च्या चित्रातून उतरवली आहेत. कांदा जमिनीखाली वाढतो, त्याच्या या पडद्यात हरितलवके नसतात. चार-पाचच पेशी काढ, टोकदार पेन्सिलीने, छायांकन न करता. खाली लिही: नेत्रिका १० × वस्तुभिंग १० = १०० पट. आणि यंदाच्या आकृतीत बुडबुडे दिसले असतील तर ‘हवेचा बुडबुडा’ असे नाव देऊन तेही ठेव.

आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही. आठवीला आम्ल आणि आम्लारी शिकवताना, रंग बदलून ती ओळखून देणारा लिटमस कागद मिळत नाही. हळदीचा कागद करून पाहिला, पण लिंबाने काहीच होत नाही.
– एक शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, बीड जिल्हा

कागद बिघडलेला नाही, हळदीचा स्वभावच तसा आहे. हळद आम्लात आणि उदासीन पाण्यात पिवळीच राहते, फक्त आम्लारीत लाल होते. मुले मग ‘लिंबू उदासीन’ असे लिहून मोकळी होतात. उपाय सोपा आहे: पट्टी आधी साबणाच्या पाण्यात लाल करून घ्या आणि मग तिच्यावर लिंबाचा थेंब टाका. तिथे पिवळा डाग परत उमटतो. पांढऱ्या शर्टावरचा वरणाचा डाग साबण लावताच लाल होतो आणि भरपूर पाण्याने धुतला की पुन्हा पिवळा पडतो, हे मुलांनी घरी पाहिलेले असतेच. पारंपरिक कुंकूही हळदीला चुना लागूनच लाल होते. धड्याची सुरुवात तिथूनच करावी.

अर्धा चमचा हळद, दोन चमचे पाणी, पातळ लेप. तो टिपकागदावर किंवा गाळणकागदावर पसरून सावलीत वाळवा आणि बोटभर पट्ट्या कापा. चुन्याची निवळी करायला पानाच्या चुन्याचा वाटाण्याएवढा गोळा अर्धा पेला पाण्यात ढवळून तासभर ठेवा आणि वरचे नितळ पाणी घ्या. हे काम शिक्षिकेने करावे, चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. निवळीने पट्टी लालभडक होते, धुण्याच्या सोड्यानेही. खाण्याच्या सोड्याने मात्र जेमतेम नारिंगी होते, कारण तो फारच सौम्य आम्लारी आहे. पुष्कळ शाम्पू आणि हात धुण्याचे द्रव आता जवळजवळ उदासीन बनवतात, त्यांनी रंग बदलणार नाही. साध्या वडीचा कपड्याचा साबण वापरा.

आम्ल ओळखायला जास्वंद घ्या. लाल फुलाच्या पाच-सहा पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवल्या की दर्शक तयार. लिंबाने तो गडद गुलाबी होतो, साबणाने हिरवट. शिळा ठेवू नका, दुसऱ्या दिवशी त्याचा रंग खात्रीचा राहत नाही.

गुण कशाकशाला असतात? प्रकल्पात पालकांनी किती मदत करावी?
– एक पालक, नाशिक

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात सहावीला आकारिक (वर्षभर चालणारे) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारे) निम्मे-निम्मे, तर सातवी-आठवीला आकारिक ४० आणि संकलित ६० अशी विभागणी आहे. तोंडीकाम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय हे सगळे आकारिकमध्ये मोडते. मदत साहित्य आणून देण्यापुरती आणि कात्री-आग-वीज असेल तिथे शेजारी उभे राहण्यापुरती करा. गॅलरीत दहा मूग ओल्या कापडात आणि दहा कोरड्यात ठेवून सात दिवस रोज मोजणे, हा दुकानातून आणलेल्या चकचकीत ज्वालामुखीपेक्षा कितीतरी चांगला प्रकल्प आहे.

मुलगी प्रयोगाच्या तासाला स्पिरिटच्या दिव्याला घाबरते.
– एक पालक, जळगाव

थोडी भीती असू द्या, नियम मात्र पक्के करून घ्या. दिवा दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही. पेटत्या दिव्यात स्पिरिट ओतायचे नाही आणि एका दिव्याने दुसरा लावायचा नाही. फुंकर मारायची नाही, टोपण ठेवून विझवायचा. केस बांधलेले, ओढणी खोचलेली. परीक्षानळीचे तोंड कोणाच्याही चेहऱ्याकडे नको. पानातले हरितद्रव्य स्पिरिटमध्ये काढताना स्पिरिट थेट ज्योतीवर कधीच तापवायचे नाही, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तापवायचे. तो प्रयोग शिक्षकांनीच करून दाखवावा.

खिळ्याभोवती तार गुंडाळून, ती सेलला जोडून विद्युतचुंबक केला, एकही टाचणी उचलली जात नाही. मित्राचा चालतो, पण सेल काढल्यावरही त्याच्या खिळ्याला दोन टाचण्या चिकटून राहतात.
– इयत्ता आठवीतील विद्यार्थी, लातूर

तुझ्या तांब्याच्या तारेवर लाखेचा पारदर्शक थर आहे. दोन्ही टोके दोन-दोन सेंटिमीटर पॉलिश पेपरने घास, तांबे लख्ख गुलाबी दिसेपर्यंत. दहांपैकी आठ वेळा दोष इथेच असतो. तरीही चालला नाही तर वेढे बघ: अर्धे एका दिशेने आणि अर्धे उलट झाले असतील तर एकमेकांचा परिणाम पुसतात. आठ सेंटिमीटरचा लोखंडी खिळा, दीड व्होल्टचा एक सेल आणि ५० वेढे एवढ्यावर टाचण्या उचलल्या जायला हव्यात. दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ जोडून ठेवू नकोस, तार आणि सेल दोन्ही तापतात आणि सेल लवकर संपतो.

मित्राच्या प्रयोगात काही बिघडलेले नाही. त्याच्या खिळ्यात पोलादाचा अंश जास्त असावा. पोलाद थोडे चुंबकत्व धरून ठेवते, नरम लोखंड ते लगेच सोडते. दोघांनी मिळून एक तक्ता करा: २५ वेढे आणि ५० वेढे, प्रत्येकी तीन वेळा, किती टाचण्या उचलल्या आणि सेल काढल्यावर किती राहिल्या. दोन्ही खिळ्यांसाठी वेगळे रकाने ठेवा.