स्वादुपिंडाला ‘दाह’ म्हणावं की ‘सूज’?

प्रश्न असा आहे: ‘ऑटोइम्यून पॅन्क्रियाटायटिस’ला मराठीत ‘स्वयंप्रतिकार स्वादुपिंडदाह’ म्हणतात. पण पोटात आग होत नसेल, तर ‘दाह’ कसला?

‘-आयटिस’साठी आपल्या परिभाषेत ‘दाह’ रुळला आहे: यकृतदाह, आंत्रपुच्छदाह. बोलण्यात मात्र दाह म्हणजे आगच. या आजारात तर पोट बरेचदा फारसं दुखतही नाही. डोळे पिवळे झाले म्हणून माणूस डॉक्टरांकडे जातो. म्हणून लेखात ‘स्वादुपिंडदाह’ चालेल, रुग्णापुढे ‘स्वादुपिंडाला सूज’च म्हणावं.

‘ऑटोइम्यून’ हे विशेषण या आजाराला जपानी डॉक्टरांनी 1995 मध्ये सुचवलं. मराठीत ‘स्वयं’ बहुधा कर्ता दाखवतो (स्वयंसेवक, स्वयंचलित), ‘आत्म’ कर्म (आत्मघात, आत्मपरीक्षण). ‘स्वयंशिस्त’सारखे अपवाद आहेत, तरी माझ्या मते ‘आत्मप्रतिकार’ जास्त नेमका ठरला असता. आता ‘स्वयंप्रतिकार’ रूढ आहे, तो बदलू नये. सोबत ‘प्रतिकारशक्ती आपल्याच स्वादुपिंडावर उलटते’ एवढं जोडावं.

सूज हा शब्द स्कॅनलाही जुळतो. निरोगी स्वादुपिंडाची कड कारल्यासारखी उंचसखल असते. सूज सगळीकडे पसरली की ते घोसाळ्यासारखं फुगीर, गुळगुळीत दिसतं. कधी भोवती पातळ कडंही दिसतं. एमआरसीपीत (पित्त आणि स्वादुपिंडाच्या नलिका दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये) स्वादुपिंडाची मुख्य नलिका लांबवर अरुंद दिसते, पण त्या अरुंद जागेमागचा नलिकेचा भाग फारसा फुगत नाही. कॅन्सरमध्ये तो बहुधा फुगतो. सूज एकाच भागात असली, की गाठ समजून फसगत होते.

स्टिरॉइड सुरू केल्यावर (सहसा प्रेडनिसोलोन रोज 30 ते 40 मिलिग्रॅम) साधारण 2 आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करतात. सूज मुळीच उतरली नाही, तर कॅन्सरची शंका नव्याने तपासावी लागते. अनुवादात इथेच चूक होते. ‘आकार कमी झाला’ एवढंच लिहिलं तर सूज उतरली की स्वादुपिंड आक्रसलं, ते कळत नाही. पहिली सुधारणा, दुसऱ्यात ग्रंथीच झिजलेली असते, पचन बिघडू शकतं, साखर वाढू शकते.

औषध कमी करताना किंवा थांबवल्यावर आजार परत आला, तर आपला ‘उलटला’ हाच शब्द वापरावा, ताप उलटतो तसा. ‘स्वादुपिंडाची सूज परत आली’ असं सरसकट लिहू नये, कारण पुढच्या खेपेला तो पित्तनलिकेतही उद्भवू शकतो.