पेडल खाली जातंय, म्हणून डिस्क मोठी करू का?

प्रश्न : माझी छोटी फोर बाय फोर गाडी आहे. मूळचे २७ इंची टायर काढून ३१ इंची घातले. वर कॅरिअर आहे, मागे सामानही बरंच असतं. तेव्हापासून ब्रेकचं पेडल पूर्वीपेक्षा जोरात दाबावं लागतं. लांब उतारावर पाच-सात मिनिटांत जळका वास येतो आणि पेडल मऊ पडत पडत तळाला जातं. थोडा वेळ थांबलं की परत ठीक. पुढे मोठी डिस्क आणि जड मॉडेलचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे भाग) बसवायचं ठरवलं आहे. मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल नळ्यांत ढकलणारा) आहे तोच चालेल ना?

उत्तर : आधी एक कळकळीची विनंती. दुरुस्ती होईपर्यंत ही गाडी उतारावर नेऊ नका.

‘थांबलं की परत ठीक’ या तुमच्या शब्दांखाली मी रेघ मारली, कारण दुखणं तिथेच सापडतं. नुसते पॅड तापून पकड सुटली, तर पेडल पायाला टणकच लागतं, फक्त गाडी थांबत नाही. तुमचं पेडल मऊ पडतंय, म्हणजे कॅलिपरजवळचं ब्रेक ऑइल उकळतंय. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही पाय दाबता तो त्या वाफेवर. गार झालं की वाफेचं पुन्हा ऑइल होतं आणि पेडल वर येतं.

डॉट ३ या प्रतीचं नवं ब्रेक ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी शोषत राहतं. पाण्याचं प्रमाण ३.७ टक्क्यांच्या आसपास गेलं की हाच आकडा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ साठी हेच किमान आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल शेवटचं कधी बदललं, ते तुम्ही कळवलेलं नाही. दोन वर्षं उलटली असतील, तर बाकी काही विकत घेण्याआधी ते पूर्ण बदला. टाकीतलं उपसून वरून नवं ओतणं म्हणजे बदलणं नव्हे. चारही चाकांच्या निपलमधून, म्हणजे ऑइल आणि हवा काढायच्या छोट्या तोंडातून, स्वच्छ ऑइल येईपर्यंत जुनं काढायचं.

उतारावर किती उष्णता तयार होते याचा अंदाज पुष्कळांना नसतो. ताशी ६० वरून गाडी पूर्ण थांबवताना ब्रेक जेवढे तापतात, त्याच्या साधारण २१ पट उष्णता ३०० मीटर उंची फक्त ब्रेकवर उतरताना तयार होते. गाडी हलकी असो वा जड, हे गुणोत्तर तेच. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. कच्च्या, तीव्र उतारावर लो रेंज, म्हणजे फोर बाय फोरचे जास्त मंद गिअर, घ्या. इंजिनाने गाडी धरली की ब्रेकवरचा भार कितीतरी कमी होतो.

आता टायरकडे येऊ. पेडल जड झाल्याची तुमची तक्रार खरी आहे आणि तिचं कारण साधं आहे. चाकाचा व्यास २७ वरून ३१ झाला, म्हणजे तेवढ्याच जोराने गाडी थांबवायला ब्रेकला सुमारे १५ टक्के जास्त पीळ द्यावा लागतो. शिवाय मोठा टायर जड, तो फिरता थांबवायचा, वर सामान. ब्रेक मात्र मूळच्या टायरच्या हिशेबाचेच राहिले. म्हणून पुढचे ब्रेक सुधारण्याचा तुमचा विचार मला पटतो. किती सुधारायचे, तिथे मात्र मी तुम्हाला अडवणार आहे.

समजा, आत्ताच्या कॅलिपरचा पिस्टन ४८ मिलिमीटरचा आहे आणि तुम्ही ५४ चा बसवता. आकडा सहानेच वाढला, पण क्षेत्रफळ सुमारे २७ टक्क्यांनी वाढलं. वर डिस्क मोठी. पॅड केंद्रापासून १२० मिलिमीटरऐवजी १३० वर दाबू लागले, तर आणखी ८ टक्के. मिळून पुढचा जोर जवळपास ३७ टक्क्यांनी वाढतो. तुम्हाला हवे होते १५. मागचे ब्रेक आहेत तसेच. मग निसरड्या मातीवर पुढची चाकं फार लवकर लॉक होतात, स्टिअरिंग फिरवून गाडी वळत नाही आणि मागच्या चाकांची पकड वापरलीच जात नाही. मोठे ब्रेक बसवूनही थांबायला जास्त अंतर लागू शकतं. आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर : तोच मास्टर सिलिंडर ठेवलात, तर पुढच्या पिस्टनना सरकवायला २७ टक्के जास्त ऑइल ढकलावं लागेल, म्हणजे पेडलचा प्रवास वाढेल. आधीच खोल जाणारं पेडल असेल, तर हे मला मुळीच चालणार नाही. मोठा मास्टर घातला, तर प्रवास कमी होतो, पण पाय पुन्हा जड. म्हणून कॅलिपर आणि मास्टर ही जोडी एकत्रच ठरवावी लागते.

तुमच्या जागी मी असतो, तर पिस्टनच्या मापाला फारसा हात लावला नसता. आतून हवा खेळणारी, म्हणजे व्हेंटेड डिस्क आणि तिला साजेसे, मूळ मापाच्या जवळचा पिस्टन असलेले कॅलिपर घेतले असते. चांगल्या प्रतीचे पॅड. जुन्या रबरी नळ्या फुगत असतील, तर नव्या. तुमची अडचण उष्णतेची आहे आणि जास्त धातू, जास्त हवा हा तिच्यावरचा नेमका इलाज आहे. डिस्कची त्रिज्या थोडी वाढली, तर हरकत नाही, टायरने घालवलेल्यातलं काही परत मिळेल.

बसवताना माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो, कारण ती मी नंतर इतरांकडूनही होताना पाहिली आहे. दुसऱ्या मॉडेलचे कॅलिपर बसवून मी हवा काढायला बसलो. जवळजवळ लिटरभर ऑइल गेलं, बुडबुडे कधीच थांबले होते, तरी पेडल स्पंजासारखंच. दुसऱ्या दिवशी उजेडात चाकाशी बसलो आणि लक्षात आलं : निपल कॅलिपरच्या खालच्या टोकाला होतं. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाले होते. हवा वरच्या कोपऱ्यात अडकलेली आणि मी खालून ऑइल काढतोय. कॅलिपर बदलले, निपल वर आलं आणि काही मिनिटांत पेडल दगडासारखं झालं. निपल नेहमी सर्वांत वर. हे आधी बघा.

नळी कॅलिपरला जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टला दरवेळी नवे तांब्याचे वॉशर लावा. मग गाडी स्टँडवर ठेवून चाकं पूर्ण खाली लोंबू द्या, स्टिअरिंग दोन्ही टोकांना न्या आणि नळी कुठे ताणते, कुठे घासते ते हाताने चाचपा. खडकाळ वाटेवर चाक तेवढं खाली जातंच. चाक हाताने फिरवून रिमच्या आत कॅलिपरला किती जागा उरते तेही पाहा. रिमला आतून चिकटवलेली वजनं कॅलिपरला घासून निघतात.

नवे पॅड बसले की मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १५ पर्यंत आठ-दहा वेळा बेताने ब्रेक लावा, मध्ये पूर्ण थांबू नका. मग काही किलोमीटर ब्रेक न लावता गाडी चालवून गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून धरत उभं राहिलं, तर तिथे पॅडचा ठसा उठतो आणि पुढे पेडल थरथरतं. विमा कंपनीला हा बदल आधी लेखी कळवा.

प्रश्न : जुन्या गाडीला पुढे ड्रम होते, ते काढून डिस्क बसवल्या. दोन-तीन किलोमीटरनंतर पुढची चाकं कडक तापतात, गाडी ओढल्यासारखी चालते. शिवाय पेडल खूप जड झालं आहे.

उत्तर : मास्टर सिलिंडर जुनाच ठेवला असावा. ड्रमच्या मास्टरमध्ये पुष्कळदा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो पाय काढल्यावरही नळीत सुमारे १० पीएसआय दाब राखतो. ड्रममध्ये शू (ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्ट्या) मागे ओढायला दणकट स्प्रिंग असतात, त्यामुळे तिथे तो दाब चालतो. डिस्कमध्ये पिस्टन मागे घेते ती फक्त त्याच्याभोवतीची रबरी सील, तीही केसभर. एवढा दाब राहिला, तरी पॅड डिस्कला घासत राहतात. पुढच्या लाइनचा तो व्हॉल्व्ह काढा किंवा डिस्कसाठीचा मास्टर घ्या. मागे ड्रमच असतील, तर त्यांचा व्हॉल्व्ह राहू द्या. पेडल पूर्ण सोडल्यावर पुशरॉडला, म्हणजे पेडलपासून मास्टरकडे जाणाऱ्या दांड्याला, किंचित ढील आहे ना, तेही तपासा.

पेडल जड होणं अपेक्षितच आहे. फिरता ड्रम शूला स्वतःच आत ओढून घेतो, डिस्क तशी मदत करत नाही. गाडीला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसेल, तर तो बसवण्याची तयारी ठेवा.

प्रश्न : ओढा ओलांडल्यावर पहिल्या ब्रेकला गाडी थांबतच नाही. पॅड बदलू का?

उत्तर : नको. पॅड आणि डिस्कमध्ये पाण्याचा थर असतो. पाण्याबाहेर येताच मागे-पुढे कोणी नाही हे पाहून, गाडी हळू चालू ठेवत डाव्या पायाने ब्रेक हलका दाबून धरा. पाच-सहा वेळा केलंत की पकड परत येते. मागे ड्रम असतील, तर त्यांना जास्त वेळ लागतो, कारण आत गेलेलं पाणी आणि गाळ सहज बाहेर पडत नाही. वाट चिखलाची असेल, तर घरी आल्यावर ड्रम उघडून धुवा. तो गाळ वाळला की शूवरचं लायनर झिजवतो.