पार्कातून काय आणायचं आणि काय तिथंच ठेवायचं

प्रश्न : आम्ही दोघं मे महिन्यात मुलाकडे फीनिक्सला चाललोय, तिथून ग्रँड कॅन्यन आणि पेट्रिफाइड फॉरेस्ट बघायचा प्लॅन आहे. नातूही बरोबर असेल, ९ वर्षांचा. सगळेजण मॅग्नेट आणि कीचेनच आणतात, त्यापेक्षा वेगळं आणि फार महाग नसलेलं काय आणता येईल? आणि तिथला एखादा छोटा रंगीत दगड उचलला तर चालतं का?
— एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : ताई, दगडाचं आधी सांगते, कारण तिथे पोचल्यावर मोह होतोच. उचलायचा नाही, अगदी नखाएवढा तुकडासुद्धा नाही. नॅशनल पार्कातून दगड, शिंगं, पिसं, जुन्या खापऱ्या असलं काही घेऊन जाणं बेकायदेशीर आहे, दंड होतो. पण दंड बाजूला ठेवा, ते काय आहे ते बघा ना. पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये जमिनीवर जे पडलेलं दिसतं ते २० कोटी वर्षांहून जुनं लाकूड आहे, ओंडके नदीच्या गाळात गाडले गेले, ज्वालामुखीच्या राखेतली सिलिका पाण्यात विरघळून त्यांच्यात शिरली आणि हळूहळू अख्खा ओंडका क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीसारख्या दगडाचा झाला, लाल-पिवळा रंग लोहामुळे. लोक फोडून फोडून नेत होते म्हणूनच १९०६ साली त्याला संरक्षण दिलं. तरी अजून काहीजण उचलतातच, आणि मग वर्षांनी मन खातं म्हणून पोस्टाने तुकडा परत पाठवतात, सोबत माफीचं पत्र, कुणी कुणी लिहितं की हा दगड घरात आल्यापासून सगळं वाईटच घडतंय. अशी शेकडो पत्रं पार्ककडे आहेत. आणि मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं, की तो तुकडा परत जागेवर ठेवताच येत नाही, कारण नक्की कुठून उचलला होता हे माहीत नसेल तर अभ्यास करणाऱ्यांची दिशाभूल होते. म्हणून परत आलेल्या दगडांचा वेगळा ढीगच केलाय. अगदी हवाच असेल तर पार्कच्या बाहेर, हॉलब्रुक गावातल्या दुकानात खाजगी जमिनीवरून काढलेलं लाकूड मिळतं, ते घेता येतं, बिल मात्र जपून ठेवा.

आता काय आणायचं. व्हिजिटर सेंटरमध्ये शिरलात की आधी पार्कचा नकाशा घ्या, फुकट असतो. वर काळी पट्टी आणि त्यात पांढऱ्या अक्षरात पार्कचं नाव, हे डिझाइन डिझायनर मासिमो विन्येली यांनी १९७७ मध्ये ठरवून दिलं आणि आजही सगळीकडे तेच चालतं. मागच्या बाजूला पार्कची पूर्ण गोष्ट असते. भूगोल आवडणाऱ्या मुलाला याहून चांगली भेट मला तरी सुचत नाही.

दुसरं म्हणजे नॅशनल पार्कचा पासपोर्ट. १९८६ पासून निघतो, छोटी वही असते, ती विकत घ्यायची आणि प्रत्येक पार्कात त्यात शिक्का मारायचा, शिक्क्यावर जागेचं नाव आणि त्या दिवसाची तारीख येते, शिक्क्याचे पैसे पडत नाहीत. वही विसरलात तर साध्या कागदावर मारून घ्या आणि नंतर चिकटवा, पण आपल्या खऱ्या पासपोर्टवर कौतुकानेसुद्धा मारू नका, पुढे इमिग्रेशनला उगाच त्रास. नातवाला ज्युनिअर रेंजर करा. काउंटरवर पुस्तिका मागायची, त्यातले प्रश्न पार्कात फिरून, बघून सोडवायचे, मग रेंजर तपासतात, मुलाला हात वर करून शपथ घ्यायला लावतात आणि बॅज देतात. हा बॅज कष्टाने मिळवलेला असतो म्हणून मुलं तो जिवापाड जपतात.

खरेदी करायची असेल तर एक लक्षात ठेवा, काही दुकानं हॉटेलं चालवणाऱ्या कंपन्यांची असतात आणि व्हिजिटर सेंटरमधली पुस्तकांची दुकानं बहुतेक ठिकाणी ना-नफा संस्थांची, ही पद्धत १९२३ साली योसेमिटीत सुरू झाली. त्यातला पैसा पार्कच्याच कामाला जातो, तर मी म्हणेन या पुस्तकांच्या दुकानांतूनच घ्या. नवाहो या तिथल्या मूळनिवासी जमातीचं चांदीचं किंवा विणकामाचं काही घ्यायचं मनात असेल तर कलाकाराचं नाव आणि जमात विचारा. बाहेर बनवलेला माल मूळनिवासींनी केलाय असं सांगून विकणं १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे चांगला दुकानदार लिहून देतो. वेळ असेल तर ॲरिझोनातल्याच गॅनाडो गावचं हबेल ट्रेडिंग पोस्ट बघा, १८७८ पासूनचं दुकान आहे, आता नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे आणि तिथे आजही गालिचे विकले जातात. गालिचा महाग असतो, असणारच, महिनोन् महिने मागावर बसून विणलेला असतो, घासाघीस करू नका.

प्रश्न : आमच्या शाळेच्या लायब्ररीसाठी फिलाडेल्फियातली माझी बहीण अमेरिकेच्या इतिहासाची पुस्तकं पाठवायला तयार आहे. मुलं आठवी-नववीची, इंग्रजी बेताचं. काय मागवू?
— एक शिक्षक, सातारा

उत्तर : सर, नुसती राष्ट्राध्यक्षांची चरित्रं मागवू नका. बहिणीला सांगा, इंडिपेन्डन्स हॉलजवळच्या पार्कच्या दुकानात जा आणि स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची जुनाट कागदावर छापलेली प्रत घे, स्वस्त असते. ४ जुलै १७७६ चा तो कागद आपल्या संविधानाच्या उद्देशिकेशेजारी ठेवून वर्गात वाचा. आणि त्याच तासाला हेही सांगा की सगळी माणसं समान आहेत असं लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात ६०० हून जास्त माणसं गुलाम म्हणून बाळगली. मुलांना हे कळतं, त्यांच्यापासून लपवायची गरज नाही.

मग फ्रेडरिक डग्लस. गुलामीतून पळून आलेला हा माणूस, त्याचं १८४५ चं आत्मचरित्र छोटंसंच आहे, वॉशिंग्टनमधलं त्याचं घर आता राष्ट्रीय स्मारक आहे. सातारा जिल्ह्यात तर याची शिकवणी सोपी आहे, कारण जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण तुमच्याच जिल्ह्यात, आणि त्यांनी १८७३ चं आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांनाच अर्पण केलंय. ती अर्पणपत्रिका आणि डग्लसचं एखादं पान एकत्र वाचून घ्या, इंग्रजी बेताचं असलं तरी पोरं पेटून उठतील. पंडिता रमाबाईंचं अमेरिकेवरचं १८८९ चं मराठी पुस्तक मिळालं तर तेही ठेवा, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला १८८६ मध्ये रमाबाई फिलाडेल्फियालाच गेल्या होत्या. मॅन्झनारवरचं काहीतरी नक्की मागवा, दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांना, त्यातले बहुतेक अमेरिकन नागरिकच, छावण्यांत डांबलं होतं, त्यातली ही एक छावणी. बाकी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या हँडबुक्स बघा, चित्रं आणि नकाशे भरपूर असतात.

प्रश्न : जुन्या स्टाइलची पार्कांची पोस्टर्स ऑनलाइन दिसतात, ती खरंच १९३० च्या काळातली असतात का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जवळजवळ कधीच नाही. मंदीच्या काळात सरकारने बेकार कलाकारांना काम दिलं, त्यातून १९३८ ते १९४१ मध्ये पार्कांची १४ सिल्कस्क्रीन (जाळीदार कापडातून रंग छापलेली) पोस्टर्स निघाली, पहिलं ग्रँड टेटनचं. मूळ प्रती फार थोड्या उरल्यात. बाजारात दिसतात ती एकतर त्यांची नवी छपाई किंवा त्याच ढंगात आत्ता काढलेली नवीन चित्रं, दोन्ही छान असतात, भिंतीवर लावायला घ्याच. फक्त कुणी ओरिजिनल म्हणून हजारो डॉलर मागत असेल तर जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.