धनुष्य आणि रायफल, दोन्ही शिकारींसाठी एकच रेंजफाइंडर घ्यायचा तर काय बघून घ्यावा?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की मूळ अमळनेरचे, आता मोंटानात आहात, हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, सप्टेंबरात धनुष्य आणि ऑक्टोबरअखेर रायफल घेऊन एल्क-हरणामागे जायचंय, आणि दुकानदार म्हणतो रेंजफाइंडर, म्हणजे लेझरने अंतर मोजणारं यंत्र, 2000 यार्डवालाच घ्या. मी चोपड्याकडचा. 11 वर्षं विस्कॉन्सिनला नोकरीला होतो, तिथे लायसन काढून दोन्ही प्रकारे शिकार केली, आता परत येऊन केळी करतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच असली पाहिजे असं माझं मत आहे, त्यामुळे इथे माझं धनुष्य फक्त बांधावरच्या पोत्यावर चालतं, टाकाऊ कापूस ठासून भरलेलं पोतं. पण रेंजफाइंडर रोज खिशात असतो म्हणून मनापासून सांगतो.

रेंजफाइंडर धनुष्याचा विचार करून घ्या. रायफलचं काम तोच करून देतो, उलटं मात्र होत नाही.

हिशोब बघा ना. सेकंदाला 280 फूट वेगाने जाणारा बाण, तुम्ही 40 यार्डाची पिन (धनुष्यावरच्या साइटमधली त्या अंतरासाठी लावलेली नेमाची खूण) लावली आणि जनावर खरं 45 वर निघालं तर बाण साधारण 5 इंच खाली जातो. हरणाची काळीज-फुप्फुसाची जागा सगळी मिळून 8 ते 10 इंच, म्हणजे मधोमध धरलं तरी बाण कडेवर गेला. फक्त 5 यार्डाच्या चुकीत! रायफलचं तसं नाही, 200 यार्डाला झीरो केलेली, म्हणजे तिथे गोळी नेमावरच लागेल अशी जुळवलेली, .308 किंवा .30-06 काडतुसाची असेल तर दीडशे यार्डावर 10-15 यार्ड इकडेतिकडे झाले तरी काही फरक पडत नाही, 300 ला गोळी 8-9 इंच खाली येते, 400 ला दोन फुटांच्या आसपास, म्हणजे रायफलला रेंजफाइंडर खरा लागतो तो 250 च्या पुढे. नवीन माणसाने 300 च्या पुढे गोळी टाकूच नये असं मी म्हणेन, मग 2000 यार्ड घेऊन करायचं काय?

खोक्यावरचा आकडा असतो चकचकीत, परावर्तक निशाणाचा. झाडावर तो कमी होतो, हरणाच्या केसाळ अंगावर साधारण निम्म्यावर येतो, आणि धुकं, पाऊस, बर्फ असेल तर आणखी कमी, कारण लेझर थेंबांवरूनच परत येतो. तरी 1000-1200 वाला तुम्हाला पुरून उरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण याच्यात माझ्या हातून एक जनावर जखमी झालंय. दुसरं का तिसरं वर्ष होतं, मचाणावर बसलो होतो, समोर उंच वाळलेलं गवत आणि त्याच्या पलीकडे हरणाची मादी. रेंजफाइंडरने 26 दाखवलं, मी 26 धरून बाण सोडला. ती होती 33 वर. लेझर गवताच्या काडीवरून परत आला होता. बाण खाली लागला, पायाच्या वर कुठेतरी, ती पळाली, मी आणि बरोबरचा एक जण रात्री उशिरापर्यंत टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधत फिरलो, दुसऱ्या दिवशी परत गेलो, सापडली नाही. त्यानंतर त्या वर्षी मी धनुष्य उचललं नाही.

म्हणून मोड बघा. हे यंत्र लेझरचा ठोका सोडतं आणि तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतं, 100 यार्डाला जाऊन-येऊन सेकंदाचे अब्ज भाग केले तर त्यातले फक्त 610. तो किरण डोळ्याला दिसणाऱ्या टिंबाएवढा बारीक नसतो, पसरत जातो, त्यामुळे एकाच वेळी काडीलाही लागतो आणि हरणालाही. मग दाखवायचं कुठलं अंतर? 'फर्स्ट' असेल तर अलीकडचं, 'लास्ट' असेल तर पलीकडचं. व्हॉर्टेक्स कंपनीच्या यंत्रांत ही नावं आहेत, बुशनेलमध्ये अलीकडच्यासाठी बुल्सआय आणि झुडपापलीकडच्यासाठी ब्रश मोड असतो. जंगलात धनुष्य घेऊन बसणाऱ्याला लास्ट किंवा ब्रश पाहिजेच, नसेल तर तो रेंजफाइंडर घेऊ नका. मी हे आता केळीच्या बागेत रोज बघतो, दोन ओळींच्या मधून पोत्यावर नेम धरला आणि एखादं फाटलेलं पान लोंबत असलं की फर्स्टवर 17 येतं, बटण दाबून लास्टला नेलं की 34. जागा तीच, हात तोच. तुम्हीही दुकानाबाहेर एखाद्या झुडपाच्या फांद्यांतून पलीकडच्या भिंतीवर असं करून बघा, दोन मिनिटांत कळेल.

आणि स्वस्तात मिळतो म्हणून गोल्फचा घेऊ नका. तो मुद्दाम अलीकडचा झेंडा पकडायला बनवलेला असतो. वर त्याचा स्लोप मोड चढावर अंतर वाढवून सांगतो, कारण चेंडू चढावर लवकर टेकतो. बाणाचं आणि गोळीचं तसं नाही, चढ असो की उतार, दोन्हीकडे धरायचं अंतर कमीच होतं, कारण बाण किती खाली येणार ते साधारण आडव्या अंतरावर ठरतं. तुमच्याकडे डोंगर आहेत म्हणून हे नीट लक्षात घ्या, 30 अंशाच्या उतारावर सरळ रेषेत 40 यार्ड दिसलं तर पिन 35 ची धरायची, 40 धरली तर बाण जवळपास 5 इंच वरून जाईल. सपाट जमिनीवर 20 फूट उंच मचाणावरून 20 यार्डावरच्या हरणाला मात्र जेमतेम 1 यार्डाचा फरक पडतो, उगाच घाबरू नका. हा हिशोब करून देणारी सोय आता बहुतेक कंपन्यांत आहे, बुशनेल एआरसी म्हणतं, ल्युपोल्ड टीबीआर, व्हॉर्टेक्स एचसीडी. धनुष्य आणि रायफल असे वेगळे मोड असतील तर उत्तम, फक्त सीझन बदलला की मोड बदलायची आठवण ठेवा.

ल्युपोल्डचा फुलड्रॉ म्हणून खास धनुष्यवाल्यांसाठी आहे, त्यात बाणाचा वेग, वजन भरता येतं आणि बाण वाटेत किती उंच जाईल तेही दाखवतो. हे कामाचं आहे, कारण 40 यार्डाला सोडलेला बाण मध्यावर नजरेच्या रेषेपेक्षा 7-8 इंच वर असतो आणि नेमकी तिथेच फांदी असते. पण जास्त करून रायफलच चालवणार असाल तर त्याचे पैसे देऊ नका.

डिस्प्ले लाल उजळणारा घ्या. तिथे बऱ्याच राज्यांत सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास अशी वेळ असते आणि जनावर त्याच अंधुक वेळेला बाहेर पडतं, काळ्या आकड्यांचा डिस्प्ले तेव्हा काळ्या खोडावर दिसतच नाही. उजेड कमी-जास्त करता आला पाहिजे, नाहीतर लाल आकडेच डोळ्यावर येतात. बाकी 6 पट झूम पुरे, पाणी आत जायला नको, आणि बटण एका हाताने, हातमोजा घालून, आवाज न होता दाबता आलं पाहिजे. यात असतो तो सीआर2 सेल थंडीत लवकर उतरतो, दुसरा सेल आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. आणि पहिल्या दिवशीच यार्ड की मीटर ते बघा, इथे मी मीटरवर ठेवतो कारण आपल्याकडच्या तिरंदाजी स्पर्धांतल्या इंडियन राउंड प्रकारात मुलं 30 आणि 50 मीटरवर बाण मारतात, पण 40 मीटर म्हणजे जवळपास 44 यार्ड, तुमच्या पिना यार्डाच्या असतील तर हीच चूक पुरेशी आहे.

धनुष्यावरच बसवायचे, दोरी ओढल्यावर अंतर दाखवणारे साइटपण (नेम धरायची साधनं) निघालेत, पण काही राज्यांत धनुष्याला इलेक्ट्रॉनिक वस्तू लावायला बंदी आहे, तुमच्या राज्याचं यंदाचं नियमपुस्तक वाचूनच काय ते ठरवा.

एक सवय मात्र लावाच. जनावर समोर आल्यावर रेंजफाइंडर काढायचा नसतो, हात हलला की ते गेलं. बसल्या बसल्या आधीच ते खोड 22, तो दगड 31, वाकलेली फांदी 38 असं मोजून पाठ करायचं. सातपुड्यात आमच्याकडे कामाला येणारे एक पावरा आजोबा आहेत, लहानपणापासून तीरकामठा हातात, मी यंत्र लावायच्या आत ते पावलांत अंतर सांगतात आणि मी मोजून बघतो तर चार-दोन पावलांचाच फरक. मी त्यांच्याकडूनच शिकलो, आधी डोळ्याने अंदाज करायचा आणि मगच बटण दाबायचं. महिनाभर रोज वीस-पंचवीस वेळा असं केलं की यंत्राने गवताचं अंतर दाखवलं तर आकडा बघितल्याबरोबर खटकतं. त्या दिवशी 26 बघून मला काहीच खटकलं नव्हतं.

200 ते 400 डॉलरात हे सगळं असलेला मिळतो, त्याच्या वर जायची तुम्हाला गरज दिसत नाही. तुमच्या धनुष्याचा ड्रॉ वेट (दोरी ओढायला लागणारा जोर) आणि बाणाचा वेग किती ते खाली लिहा, पिना कशा लावायच्या ते सांगतो.